वणव्याचा धूर आणि उन्हाची लाट एकत्र आली तर खिडकी उघडायची की बंद ठेवायची?

प्रश्न मला समजला तो असा: आठवडाभर उन्हाची लाट आहे, पलीकडच्या डोंगराला वणवा लागलाय, धूर घरापर्यंत येतोय, घरात ७४ वर्षांची आई आहे, तिला दमा आणि बीपी दोन्ही. खिडक्या लावल्या तर घराची भट्टी होते, उघडल्या तर खोलीभर धूर. मग नक्की काय करू, आणि आग इकडे सरकली तर घर सोडायचं कधी?

मी २२ वर्षं इमर्जन्सीत काम करतोय, त्यातले बरेच उन्हाळे जंगलाला लागून असलेल्या भागात गेले, त्यामुळे उष्माघाताचा आणि धुराचा असे दोन्ही पेशंट एकाच दुपारी शेजारशेजारच्या बेडवर बघितलेत. तुम्ही घाईत असाल म्हणून उत्तर आधी देतो. दोन्ही टाळता येत असेल तर दोन्ही टाळा, पण एकच टाळता येणार असेल तर आधी उष्णता टाळा. धूर वाईटच आहे, त्याबद्दल खाली बरंच लिहिलंय, पण वयस्कर माणसाला बंद खोलीतला उकाडा काही तासांत संपवू शकतो आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ता लागत नाही. धुराने माणूस खोकतो, डोळे चोळतो, कुरकुर करतो. उष्णतेने माणूस गप्प होतो.

हे मी एका आजींमुळे शिकलो. मुलगा अतिशय काळजी घेणारा होता, धूर यायला लागल्यावर त्याने सगळ्या खिडक्या लावल्या, फटींना टेप मारला, दाराखाली ओला टॉवेल कोंबला, आईला मास्क दिला, म्हणजे धुराबद्दल जे जे वाचलं होतं ते सगळं केलं. खोलीत एसी नव्हता, वरचा पंखा तेवढा होता. दुपारी आजी म्हणाल्या मला झोप येतेय, त्याला वाटलं बरंय, झोपू दे, रात्रभर जागीच होती. पाच वाजता उठवायला गेला तर त्या नीट बोलेनात आणि त्यालाच त्यांच्या भावाच्या नावाने हाका मारायला लागल्या. आमच्याकडे आणलं तेव्हा अंगातलं तापमान ४१.३, कातडी कोरडी, नाडी १४० च्या घरात. त्या वाचल्या, पण किडनी सावरायला तीन आठवडे गेले. मुलगा तेवढा वेळ मला एकच विचारत होता, डॉक्टर मी तर सगळं बंद केलं होतं ना. त्याच्यावर राग धरण्यासारखं काहीच नव्हतं, त्याला धूर दिसत होता म्हणून त्याने धुराचा बंदोबस्त केला, आणि खोली किती तापलीय हे सांगणारं त्या घरात काहीच नव्हतं.

म्हणून पहिलं काम, आई बसते-झोपते त्या खोलीत खोलीचं तापमान दाखवणारा थर्मामीटर लावा, आणि दुसरा बाहेर सावलीत. दोन आकडे लागतात, का ते पुढे सांगतो.

आता आधी उष्णता टाळा हे माझं एकट्याचं मत नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ ला जे वणवे पेटले त्यात १७३ माणसं गेली, ब्लॅक सॅटर्डे म्हणून तो दिवस ओळखला जातो, मेलबर्नमध्ये त्या दिवशी ४६.४ डिग्री होतं. पण त्याच्या आधीच्या आठवड्यात, जानेवारीच्या शेवटी, त्याच राज्यात जी उन्हाची लाट आली तिच्यात नेहमीपेक्षा ३७४ मृत्यू जास्त झाले. आगीत गेले त्यांच्या दुपटीहून जास्त, आणि त्यांचे फोटो कुठे आले नाहीत कारण ती माणसं आपापल्या घरात, पलंगावर गेली. कॅनडात २०२१ च्या जूनमध्ये तेच. लिटन नावाच्या छोट्या गावात २९ जूनला ४९.६ डिग्री नोंदलं गेलं आणि दुसऱ्याच दिवशी वणव्यात गाव जवळजवळ पूर्ण जळालं, त्यात दोघं गेली, ही बातमी जगभर गेली. त्याच लाटेत त्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ६१९ जण नुसत्या उष्णतेने गेले, त्यातले ९८ टक्के चार भिंतींच्या आत, आणि निम्म्याहून जास्त एकटे राहणारे.

आणि दोन्ही एकत्र आलं की काय होतं याचं उदाहरण म्हणजे मॉस्को, २०१० चा उन्हाळा. बाहेर लाट, आजूबाजूला जंगलं आणि दलदलीतली वाळलेली पीट माती जळत होती, शहर कित्येक दिवस धुरात. साधारण दीड महिन्यात त्या एका शहरात जवळपास ११,००० जास्तीचे मृत्यू झाले, बहुतेक ६५ च्या वरचे. नंतर संशोधकांनी उष्णतेचा वाटा वेगळा काढला, धुराचा वेगळा काढला, तरी २,००० हून जास्त मृत्यू असे उरले की ते या दोन्ही वाट्यांच्या बेरजेत बसेनात, ते दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे झालेले होते. मी ज्युनियर डॉक्टरांना हा आकडा आवर्जून सांगतो.

असं का होतं तर दोघांचा भार शेवटी हृदयावरच येतो. अंग तापलं की शरीर आतलं रक्त कातडीकडे ढकलतं, म्हणजे उष्णता बाहेर जावी, त्यासाठी हृदयाला जोरात पळावं लागतं, त्यात घामाने पाणी कमी झालेलं, म्हणजे कमी रक्तात जास्त काम. आणि त्याच वेळी धुरातले बारीक कण फुफ्फुसात खोलवर जाऊन सूज आणतात, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढवतात, दमा असेल तर नळ्या आवळतात आणि श्वास घ्यायलाच जास्त मेहनत पडते. तरुण माणसाचं हृदय हे काही दिवस ओढून नेतं. ७४ वर्षांच्या, बीपी असलेल्या बाईच्या हृदयाकडे तेवढी शिल्लक नसते. वय झालं की घाम कमी येतो आणि तहान लागल्याचं कळत नाही, त्यामुळे आई म्हणतेय की मला काही होत नाही यावर या दिवसांत भरवसा ठेवू नका.

आता खिडकीचं. दिवसभर खिडकीवरून डोकं शिणवायची खरं तर गरज नसते, कारण भर दुपारी बाहेरची हवा आतल्यापेक्षा जास्त तापलेली असते, तेव्हा खिडकी उघडून गारवा येत नाहीच, उलट झळ आत येते. म्हणजे सकाळी बाहेरचा आकडा आतल्याच्या वर गेला की खिडक्या बंद, ऊन येतं त्या बाजूला बाहेरून काहीतरी आडोसा, आतून जाड पडदा, हे उष्णतेसाठीही बरोबर आणि धुरासाठीही बरोबर. खरी पंचाईत संध्याकाळनंतर होते, बाहेर गार व्हायला लागतं आणि आत भिंतींनी दिवसभर प्यायलेली उष्णता बाहेर पडत असते. तेव्हा दोन थर्मामीटर कामाला येतात. बाहेर आतल्यापेक्षा गार झालं की खिडकी उघडण्यात फायदा आहे, मग धूर किती आहे ते बघायचं.

इथे एक अडचण आहे जी डोंगराजवळ राहणाऱ्यांना माहीत पाहिजे. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, तिच्यावर गरम हवेचं झाकण बसतं, आणि धूर त्या झाकणाखाली दरीत, सखल भागात साचून राहतो, सकाळी ऊन तापेपर्यंत हलत नाही. म्हणजे गार हवेची वेळ आणि दाट धुराची वेळ बऱ्याचदा एकच येते. त्यामुळे रात्रभर खिडकी सताड उघडी किंवा रात्रभर बंद असं न करता, फोनवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, बघत बसा, नाहीतर समोरचा दिवा किती स्वच्छ दिसतोय ते बघा, वारा पडला-फिरला की तासभर धूर विरळ होतो तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडून घर गार करून घ्या आणि पुन्हा लावा. कंटाळवाणं काम आहे, कुणीतरी आळीपाळीने जागं राहावं लागतं, पण याने खूप फरक पडतो.

आणि धूर विरळ झालाच नाही तर? जागतिक आरोग्य संघटना ६० च्या वरच्या माणसांसाठी खोली दिवसा ३२ आणि रात्री २४ च्या खाली ठेवा म्हणते. रात्रीचं २४ बऱ्याच घरांत अशा दिवसांत जमणारच नाही, पण ३२ डोक्यात ठेवा. खोली त्याच्या वर जाऊन तिथेच राहत असेल तर आईला दुसरीकडे हलवायचा विचार सुरू करा, ज्यांच्याकडे एसी आहे असं नातेवाइकाचं घर, वाचनालय, कुठलीही गार मोठी इमारत, दिवसातले चार-पाच तास मिळाले तरी शरीराला उसंत मिळते. खोली ३५ च्या वर, हलवायची सोय नाही आणि बाहेर गार आहे, अशी वेळ आली तर मी खिडकी उघडतो, धूर असला तरी. मी माझ्या घरच्यांसाठीही हेच करेन.

रात्रीवर मी इतका जोर का देतोय, तर आगीचं आणि शरीराचं दोघांचंही गणित रात्रीवर चालतं. एरवी रात्री हवेत ओलावा वाढतो, वाळलेलं गवत आणि पाचोळा तासाभरात तो ओलावा ओढून घेतो आणि वणवा मंदावतो, आग विझवणारे याच वेळेची वाट बघत असतात. शरीरही रात्रीच सावरतं, हृदयाचे ठोके खाली येतात, दिवसभराची भरपाई होते. लाटेतल्या रात्री गार होतच नाहीत, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी आगही ताजी असते आणि माणूस मात्र आधीच दमलेला. पेशंट पहिल्या दिवशी फारसे येत नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रांग लागते, ती याचमुळे.

एसी असेल तर चालवा, पण बाहेरची हवा आत घ्यायची झडप असेल तर बंद, आतलीच हवा फिरू द्या. पाण्याच्या कूलरबद्दल मात्र जपून, कूलर चालतोच मुळी बाहेरची हवा ओढून, म्हणजे तो धूरही ओढून खोलीत सोडतो, गवताच्या ओल्या पॅडने बारीक कण अडत नाहीत. धूर दाट असताना कूलर बंद आणि पंख्यासमोर अंग ओलं करणं हे जास्त बरं. पंख्याचंही एक आहे, खोली ३५ च्या आत असेल तर नुसता पंखा ठीक, त्याच्या वर गेलं की हातपाय, मान, छाती ओल्या कपड्याने पुसत राहा आणि मग वारा घ्या, आणि ४० च्या वर नुसता पंखा अंगावर गरम हवा मारतो, त्याने माणूस उलट जास्त तापतो. एक्झॉस्ट फॅन बंद ठेवा, तो आतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच धुराची हवा फटींमधून आत खेचतो, हे बरेच जण विसरतात.

अख्खं घर स्वच्छ ठेवायच्या नादी लागू नका, एक खोली निवडा, सगळ्यात कमी ऊन येणारी, शक्यतो खालच्या मजल्यावरची, आणि आईला तिथे ठेवा. हेपा फिल्टरचं, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या फिल्टरचं एअर प्युरिफायर असेल तर त्याच खोलीत. नसेल तर साध्या चौकोनी पंख्याला मागून मर्व्ह-१३ दर्जाचा (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याचं माप) फिल्टर घट्ट बसवून काम भागतं, फक्त चालू ठेवून घराबाहेर जाऊ नका आणि फिल्टर काळा झाला की बदला. ओझोन सोडणारी मशिन्स नकोत, दम्याच्या माणसाला तर अजिबात नको. आणि त्या खोलीत काहीही जाळू नका, मेणबत्ती, सिगरेट, तळण, यातूनही तेच कण निघतात जे तुम्ही बाहेर अडवायला बघताय.

हे कण म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, आणि वणव्याच्या धुरात हा आकडा काहीशेवर सहज जातो. म्हणून ओला रुमाल तोंडाला बांधून काही होत नाही, राख आणि मोठे कण अडतील, घशाला बरं वाटेल, पण आजारी पाडणारे कण त्यातून सरळ आत जातात. साध्या सर्जिकल मास्कच्या कडेने हवा आत येते. एन-९५ चालतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसला तर, दाढीवर बसत नाही. पण उन्हात एन-९५ घालून दम लागतो हेही खरं, त्यामुळे आईला तो बाहेर पडावं लागेल तेवढ्यापुरताच, झोपेत नको, आणि घातल्यावर घाबरल्यासारखं झालं तर काढून टाका.

औषधांचं. रोजचा प्रिव्हेंटर पंप चुकवू नका, बरं वाटतंय म्हणून या दिवसांत बंद करणारे लोकच पुढच्या आठवड्यात ॲटॅक घेऊन येतात. आराम देणारा पंप स्पेसरसकट (पंपाला लावायची पोकळ नळी, तिने औषध नीट आत जातं) हाताशी, आणि त्यात किती डोस उरलेत ते आजच बघा. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अशा उन्हात पाणी आणि मीठ दोन्ही कमी पडून चक्कर येऊ शकते, पण गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना फोन करून विचारा की लाट आहे, डोस तोच ठेवू का. सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या आणि मानसिक आजाराची काही औषधं घाम कमी करतात, तीही विचारून घ्या. इन्सुलिन उष्णतेने बिघडतं. पंप गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नको, तो दाबाखालचा डबा आहे.

पाणी किती, हा प्रश्न सगळे विचारतात. तहानेची वाट न बघता थोडं थोडं, दर तासाला हातात ग्लास द्या आणि लघवीचा रंग बघा, फिकट पिवळा असेल तर चाललंय ते ठीक, गडद झाला किंवा सहा-आठ तास लघवीच नाही तर पाणी कमी पडतंय. खूप घाम येत असेल तर ओआरएस, पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, मिठाचा अंदाज घेऊ नका, मोजा. हार्ट फेल्युअर किंवा किडनीसाठी कुणाला पाणी मोजून सांगितलेलं असेल तर त्यांनी आकडा डॉक्टरांकडूनच घ्यायचा. बीपीच्या माणसाला ओआरएस घाम खूप गेला तेव्हाच, रोजच्या पाण्यासारखं नाही.

आता घाबरायचं कधी. थकवा, पायात गोळे, मळमळ, डोकं दुखणं, भरपूर घाम, हे उष्णतेने दमल्याचं लक्षण, गार जागी झोपवा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, पाणी द्या, अर्ध्या तासात फरक पडला पाहिजे. पण वागणं बदललं, म्हणजे असंबद्ध बोलणं, नाव चुकणं, चिडचिड, झोकांड्या, झटका, हाक मारल्यावर नीट उत्तर न देणं, आणि अंग तापलेलं, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका, उन्हात काम करणाऱ्याला उष्माघात घाम येत असतानाही होतो. ताप ४० च्या वर आणि डोकं ठिकाणावर नाही, की ॲम्ब्युलन्सला फोन करा आणि ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. थंड करायला लगेच सुरुवात करा. तरुण माणूस असेल तर टबात, हौदात गार पाण्यात गळ्यापर्यंत बसवा, डोकं धरून. वयस्कर असेल तर जमिनीवर ओल्या चादरीवर झोपवा, अंगावर सतत पाणी ओता, जोरात वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ कपड्यात गुंडाळून. पहिल्या अर्ध्या तासात तापमान ३९ च्या खाली आणणं हे त्या माणसासाठी पुढच्या सगळ्या उपचारांपेक्षा मोलाचं असतं. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप त्या औषधाचा नाही, लिव्हरला त्रास होईल. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

धुराच्या बाजूने घाबरायच्या खुणा: पंप घेऊनही दम न थांबणं, एक वाक्य पूर्ण बोलता न येणं, छातीत किंवा जबड्यात दुखणं, ओठ निळसर. हे त्रास धूर ओसरल्यावर दोन-चार दिवसांनीही येतात, आकाश स्वच्छ झालं म्हणून लक्ष काढू नका.

ऑक्सिमीटरबद्दल एक गोष्ट, कारण आता घरोघरी तो असतो. एकदा वणवा विझवायला गेलेला विशीतला मुलगा आमच्याकडे आला, डोकं फुटायला आलंय म्हणत होता, उलट्या होत होत्या, आणि बोटावरचं मशिन ९८ दाखवत होतं, सोबतचे म्हणत होते ऑक्सिजन तर मस्त आहे. आगीच्या अगदी जवळ कार्बन मोनॉक्साइड असतो, तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला दोघांतला फरक कळत नाही, तो त्यालाच ऑक्सिजन म्हणून मोजतो. जो माणूस आगीजवळ होता आणि डोकं दुखतंय, मळमळतंय, गुंगी येतेय, त्याचा आकडा कितीही चांगला असला तरी हॉस्पिटलला न्या. त्या मुलाची लघवी चहाच्या रंगाची होती, म्हणजे स्नायू फुटायला लागले होते, चार तास भर उन्हात ओल्या फांद्यांनी आग झोडपत होता आणि एक बाटली पाणी प्यायला होता. तुमच्या घरातलं कुणी वणव्यावर जाणार असेल तर जोडीने जा, दर १५-२० मिनिटांनी कपभर पाणी, तासाला सावलीत बसणं, आणि सोबत्याचं बोलणं जड व्हायला लागलं की त्याला तिथून खाली आणा, तो नाही म्हणाला तरी.

आता घर सोडायचं कधी. मी अग्निशमनचा माणूस नाही, पण वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर काम केलंय आणि उशिरा निघालेली माणसं बघितलीत. तापमान ३० च्या वर, हवेतला ओलावा ३० टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर, तिन्ही एकदम जमलं की आग आवरत नाही, असा त्यांचा एक ठोकताळा आहे. दुसरा ठोकताळा चढाचा, दर १० अंश चढाला आगीचा वेग दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच वाळवून ठेवतात. म्हणजे घर उताराच्या वरच्या टोकाला असेल आणि आग खाली असेल तर ती लांब दिसली तरी लांब नाही. आणि बहुतेक घरं ज्वाळेने पेटत नाहीत, वाऱ्याने उडून आलेल्या ठिणग्यांनी पेटतात, त्या कौलाखाली, पन्हाळीतल्या पाचोळ्यात, भिंतीला टेकवलेल्या लाकडांत जाऊन बसतात. ब्लॅक सॅटर्डेला ठिणग्या ३० किलोमीटरच्या पुढे जाऊन नवीन आगी लागल्याची नोंद आहे, आणि त्याच दिवशी संध्याकाळी वारा फिरला तेव्हा आगीची लांबलचक बाजूच तिचं तोंड झाली, ज्यांना वाटत होतं आग दुसरीकडे चाललीय ती गावं सापडली. त्यामुळे घराला लागून दीड मीटरात जळण्यासारखं काही ठेवू नका, पन्हाळ, गच्ची झाडून घ्या, हे आज संध्याकाळीच होईल.

तुमच्या घरात दम्याची, ७४ वर्षांची बाई आहे, तुम्ही इतरांच्या आधी निघायचं. सूचना यायची वाट बघायची ती धडधाकट माणसांनी. पोर्तुगालमध्ये जून २०१७ मध्ये, अशाच लाटेत, पेद्रोगाओ ग्रांदेच्या वणव्यात ६६ माणसं गेली, त्यातली बहुतेक पळून जाताना रस्त्यावर, गाड्यांमध्ये. घर सोडलं म्हणून ती गेली नाहीत, आग रस्त्यावर पोचल्यावर सोडलं म्हणून गेली. दाट धुरात गाडीच्या बॉनेटच्या पुढे दिसत नाही, आणि तोच धूर आईला दहा मिनिटं मिळाला तर पंपाने भागणार नाही. माझा सल्ला, आग तुमच्या बाजूच्या उतारावर आली, किंवा वारा तुमच्याकडे फिरला, किंवा घरावर राख-ठिणग्या पडायला लागल्या, यातलं पहिलं जे होईल तेव्हा गाडी रस्त्याला लागलेली असली पाहिजे, आणि शक्य असेल तर त्याच्या आदल्या दिवशी दुपारीच आईला नातेवाइकांकडे सोडून या.

पिशवी आत्ताच दाराशी ठेवा, औषधं आठवड्याची, पंप, स्पेसर, रिपोर्टचे फोटो फोनमध्ये, चष्मा, पाणी, एन-९५, चार्जर. निघताना अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायात बूट, सिंथेटिक नको, ते वितळून कातडीला चिकटतं, मी तसे भाजलेले पाय साफ केलेत. गाडीच्या काचा वर, एसी आतल्याच हवेवर. आईला गाडीत बसवून सामान आणायला परत घरात जाऊ नका, उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक डिग्रीने वर जाते.

आणि लाट असताना वीज जाते, वणव्यात तर हमखास जाते, तेव्हा एसी, प्युरिफायर, पंखा सगळं एकदम बंद होईल हे धरून चला. आज दिवसाउजेडी दोन बादल्या पाणी आणि एक जुनी चादर त्या खोलीत ठेवा, फ्रिजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, टॉर्च थर्मामीटरच्या शेजारी. रात्री दोनच्या सुमाराला उठून आकडा बघा आणि आईला नुसतं झोपलीस का विचारू नका, आज वार कोणता, जेवायला काय होतं असं काहीतरी विचारा जिथे तिला विचार करून उत्तर द्यावं लागेल. उत्तर नीट आलं तर झोपू द्या. अडखळली तर दिवा लावा, अंगाला हात लावून बघा, आणि चादर भिजवायला घ्या.